खाडीकडे तोंड असलेली गावे

ठाण्याचे वर्तकनगर येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, पोखरण रस्त्याच्या कडेला आहे. गृहनिर्माण मंडळाच्या इमारती, जवळच रेमंडच्या गिरणीची जागा, वर हिरवा डोंगर असा हा परिसर विसाव्या शतकात घडला. येथून कॅडबरी नाका आणि माजिवडा मागे टाकून वायव्येला निघाले, की घोडबंदर रस्ता लागतो. मानपाडा, वाघबीळ, कावेसर, कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा, नागला बंदर, गायमुख आणि शेवटी घोडबंदर. आज ही नावे बसथांब्यांची, गृहसंकुलांच्या पत्त्यांची आणि मेट्रोच्या स्थानकांची वाटतात. प्रत्यक्षात ती साष्टी बेटावरच्या जुन्या गावांची आणि पाड्यांची नावे आहेत. या पट्ट्यात पाय ठेवणाऱ्या परक्या प्रवाशांनी सातशे वर्षांहून अधिक काळ त्याच्याबद्दल लिहून ठेवले आहे.

या गावांचा इतिहास वाचताना भूगोल आधी समजून घ्यावा लागतो. उल्हास नदी ठाण्यापाशी साष्टी बेटाला अडते. तिचा मोठा प्रवाह पश्चिमेला वळून वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो आणि एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरतो. बेटाच्या मध्यभागी येऊर-कान्हेरीचा डोंगर आहे. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये जमिनीची जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यावर ही गावे वसली. त्यांचे तोंड खाडीकडे आणि पाठ डोंगराकडे होती. माल, माणूस, सैन्य, बातमी, सगळे पाण्याने येई. आज जो रस्ता या गावांचा कणा वाटतो, तो त्यांच्या आयुष्यात फार उशिरा आला.

ठाण्याचे सर्वांत जुने परके उल्लेख अरबांचे आहेत. इ. स. ६३६च्या सुमारास बहरैनच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठवल्याचे अरब इतिहासकार बलाझुरीने नोंदवले आहे. दहाव्या शतकात मसूदी चौलपर्यंत आला. चौल, सोपारा आणि ठाणे येथे एकच बोली चालते, असे त्याने लिहिले. बाराव्या शतकातला इद्रिसी स्वतः इकडे फिरकला नाही. सिसिलीच्या राजदरबारी बसून त्याने प्रवाशांकडून ऐकलेली माहिती संकलित केली. पण त्याने दिलेला एक तपशील येऊरच्या डोंगराला चपखल बसतो. ठाण्याच्या डोंगरात बांबू होतो आणि त्यातून निघणारे वंशलोचन दूरदूरच्या देशांत जाते, असे तो सांगतो. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साठणारा पांढरा खडा, आयुर्वेदातले जुने औषध. डोंगरातले बांबू खाडीच्या काठावर आणि तेथून जहाजावर चढत, हा या पट्टीचा पहिला उद्योग म्हणायला हरकत नाही.

त्या वेळी ठाणे उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होते. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ मध्ये खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९चा, म्हणजे इ. स. १०१७चा ताम्रपट सापडला. भारतात सापडलेल्या आणि युरोपीय विद्वानांनी प्रथम छापलेल्या ताम्रपटांत त्याची गणना होते. शिलाहारांचे असे ताम्रपट म्हणजे मुख्यतः गावे आणि जमिनी दान दिल्याची कागदपत्रे. त्यांत सीमा सांगितलेल्या असतात, कर सांगितलेले असतात. परक्या प्रवाशाला जे गाव बंदराच्या मागची हिरवळ म्हणून दिसे, ते ताम्रपटात हिशेबाचे, हद्दीचे आणि हक्काचे गाव म्हणून दिसते.

मार्को पोलोच्या ग्रंथात ठाणे हे स्वतंत्र राज्य आहे. तेथून कातडी आणि सुती कापड निर्यात होते आणि घोडे आयात होतात. या घोड्यांची कथा मजेची आहे. ठाण्याच्या राजाने खाडीच्या तोंडावरच्या चाच्यांशी करार केला होता म्हणे: लुटीतला बाकी माल चाच्यांनी ठेवावा, घोडे मात्र राजाला द्यावेत. कोकणात जातिवंत घोडा पैदा होत नाही, आणि अरबी घोड्याशिवाय राज्य चालत नाही, अशी राजाची अडचण. व्हेनिसच्या व्यापाऱ्याने हे निंदेच्या सुरात लिहिले असले, तरी अर्थशास्त्र म्हणून करार पक्का होता. खाडीच्या दुसऱ्या टोकाच्या घोडबंदरचे नावही लोक याच व्यापाराशी जोडतात.

चौदाव्या शतकात ख्रिस्ती धर्मप्रसारक आले. एप्रिल १३२१ मध्ये टोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन साथीदार ठाण्यात मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी शहरात नव्हता, म्हणून वाचला. पुढे या किनाऱ्याविषयी त्याने लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. थोड्याच वर्षांनी पोर्देनोनेचा ओडोरिक ठाण्याला पोचला. त्याने या चौघांची हाडे उकरून घेतली, गाठोड्यात बांधली आणि ती चीनच्या झैतून बंदरापर्यंत बरोबर नेली. ठाण्यातून इतक्या दूर गेलेल्या मालाच्या नोंदींत या गाठोड्याची नोंद वेगळी ठरते.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगिजांना तोडून दिली आणि या गावांचे आयुष्य बदलले. पोर्तुगिजांनी साष्टीतली गावे आपल्या सरदारांना वार्षिक खंडावर वाटली. मुंबईच्या फोरास रोडच्या नावात ज्या ‘फोरो’ची आठवण उरली आहे, तोच हा खंड. गाव घेणाऱ्याने प्रसंगी लढाईला उपयोगी पडेल असा घोडा बाळगावा, अशी अट असे. गाव साहेबाचे झाले तरी शेत कसणारा कुणबी, मीठ पिकवणारा आगरी आणि मासे धरणारा कोळी जागचा हलला नाही. त्यांतल्या पुष्कळांनी धर्म बदलला. आज ठाण्यापासून वसईपर्यंत जो मराठी बोलणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज आहे, त्याचे मूळ या काळात आहे. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मात्र बरेच नवे, १८८७चे. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी मुंबईत त्यांची संघटना स्थापन झाली, तेव्हा ते घेतले गेले.

पोर्तुगीज काळातले प्रवासी साष्टीत येत ते मुख्यतः कान्हेरीची लेणी पाहायला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता सोळाव्या शतकात येथे आला, जुआंव द कास्त्रोनेही लेण्यांचे वर्णन केले. फ्रान्सिस्कन साधू आंतोनियो द पोर्तो याच्याविषयी इतिहासकार दियोगो द कोउतोने एक कथा दिली आहे. कान्हेरीच्या भुयारांना अंत नाही असे लोक सांगत. खरे-खोटे करण्यासाठी हा साधू शिधापाणी आणि दोर घेऊन आत शिरला. सात दिवस चालला, शेवट सापडला नाही आणि शिधा संपत आल्यावर परतला. कान्हेरी ज्याने पाहिली आहे त्याला ही कथा पटणार नाही, कारण तेथे सात दिवसांचे भुयार नाही. शंभरांहून अधिक लेणी आहेत, टाक्या आहेत आणि दगडी जिने आहेत. पण परक्या माणसाच्या मनात या डोंगराने केवढी जागा व्यापली होती, ते तिच्यावरून कळते.

इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ मध्ये साष्टीत हिंडला. घोडबंदरचे त्याने केलेले वर्णन महत्त्वाचे आहे. मार्टिन अफोन्सो नावाच्या पोर्तुगीज सरदाराचे हे मोठे, नीटनेटके गाव. टेकडीच्या माथ्यावर त्याचे घर, किल्ला आणि चर्च, भारतात शक्य तेवढ्या डौलदार बांधणीचे. गोवा सोडल्यास या किनाऱ्यावरचा सर्वांत धनाढ्य सरदार तोच, असेही फ्रायर सांगतो. खाडीतून येणाऱ्या होडीला प्रथम दिसावे ते धन्याचे घर, अशी ही रचना होती. खाली झोपड्यांत किती माणसे राहत, काय खात, हे फ्रायरने लिहिले नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी, १६९५ मध्ये, नेपल्सचा वकील जेमेल्ली कारेरी वसईहून खाडी ओलांडून साष्टीत उतरला. या सगळ्या प्रवाशांत तो निराळा. तो कोणाच्या चाकरीत नव्हता आणि धर्मप्रसारालाही आलेला नव्हता. वकिलीत मन रमेना म्हणून निघालेला हा माणूस मिळेल त्या जहाजाने, वाटेत थोडा माल घेत-विकत, पाच वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. केवळ पाहण्यासाठी येथे आलेला पहिला पर्यटक म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागेल. कान्हेरीची लेणी त्याने बारकाईने पाहिली आणि खांब, मूर्ती, पायऱ्या यांचे तपशील दिले.

अठराव्या शतकात पोर्तुगीज सरदारांचे हे सुखवस्तू जग कोसळले. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी पेशव्यांकडे साष्टी घेण्यासाठी सतत लकडा लावला होता. मार्च १७३७ मध्ये मराठी फौज रात्री खाडी उतरून ठाण्यात शिरली. अर्धवट बांधलेला ठाण्याचा किल्ला पडला, घोडबंदर पडले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. अंजूर हे गाव ठाण्यासमोर, खाडीच्या भिवंडीकडच्या काठावर आहे. पाणी, भरती-ओहोटी, उतार कुठे मिळतो, हे तेथल्या माणसाला पाठ असणार. मोहिमेत स्थानिक माणसांचे मोल होते ते यासाठी.

या प्रसंगाचा अर्थ लावताना वि. का. राजवाडे आठवतात. ठाणे-माहीम परिसराचा इतिहास सांगणारी ‘महिकावतीची बखर’ त्यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. बिंब राजाने कोकणात कुळे आणून त्यांना गावे वाटून दिल्याची हकिकत तिच्यात आहे. दीर्घ प्रस्तावनेत राजवाड्यांनी असे मांडले, की पोटापुरते सहज पिकते अशा मुलखातला गावकरी राज्य कोणाचे याविषयी उदासीन राहतो. ठाणे-घोडबंदरच्या गावांनी शिलाहार, यादव, दिल्लीचे आणि गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज असे धनी पाहिले, आणि गावांची नावे व बहुतेक वस्त्या टिकून राहिल्या. तेवढ्यापुरते राजवाड्यांचे म्हणणे खरे वाटते. पण गंगाजी नाईकांसारखी माणसे जिवावर उदार होऊन राज्य बदलायला निघतात, तेव्हा ते अपुरे पडते.

मराठ्यांच्या कारकिर्दीत ठाण्यात मासुंदा तलावाकाठी सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६०च्या सुमारास कौपिनेश्वराचे मंदिर बांधले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी हल्ला करून ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली.

इंग्रजी अमलात प्रवाशाची जात बदलली. १८०५ मध्ये शीव येथे मुंबई आणि साष्टी यांना जोडणारा बांध पूर्ण झाला. मुंबईच्या साहेबांना आता ठाण्यापर्यंत गाडीने जाता येऊ लागले, आणि साष्टीची सहल हा त्यांचा थंडीतला कार्यक्रम झाला. वाटेत पडक्या पोर्तुगीज हवेल्या पाहायच्या, कान्हेरीला पालखीतून चढायचे, ठाण्याला मुक्काम करायचा. प्रवासलेखिका मारिया ग्रॅहम १८०९ मध्ये साष्टीत येऊन गेली. तिच्या आधी येऊन गेलेल्या जेम्स फोर्ब्जने आपल्या आठवणींत साष्टीची चित्रमय वर्णने दिली आहेत. भग्न चर्च, त्यावर वाढलेला वड आणि मागे डोंगर, हे दृश्य इंग्रज वाचकाला भावणारे होते. भग्नता त्यांना सुंदर वाटे. तिच्या शेजारी राबणारे गाव त्यांच्या लिखाणात क्वचितच दिसते.

कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ मध्ये ठाण्याला आला आणि सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना त्याने केली. त्याची नजर जरा अधिक उघडी होती. ठाणे नीटनेटके आणि भरभराटीचे आहे, येथल्या ख्रिस्ती लोकांनी पाळलेली डुकरे आणि त्यांचे खारवलेले मांस प्रसिद्ध आहे, असे त्याने टिपले. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनानंतर इंग्रजांच्या कैदेत पडलेले त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून पळाले होते. हेबरला ती हकिकत ऐकायला मिळाली आणि त्याने ती लिहून ठेवली. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठीचा गंध नाही. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणी म्हणे, आणि पळण्याचा बेत त्या गाण्यांतून आतल्या कैद्याला कळे. बिशपने त्या गाण्याचे इंग्रजी पद्यही करून दिले आहे.

परक्यांच्या वर्णनांत जे सुटले, ते गावठाणांत फिरल्याशिवाय कळत नाही. या पट्टीतले खाडीकाठचे जुने गाव तीन थरांत मांडलेले असे. पाण्याशी बंदर, म्हणजे होडी लागण्याचा धक्का. त्यामागे खाजण आणि मिठागरे. भरतीचे पाणी अडवायला चिखलमातीचा बांध आणि त्यात पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी. बांधाच्या आत खाऱ्या जमिनीतला लाल भात. हा बांध राखणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एका उधाणाला बांध फुटला की मीठपाणी शेतात शिरते आणि काही वर्षे पीक जाते. म्हणून बांध राखण्याची जबाबदारी आणि त्याबद्दल मिळणारे हक्क यांची ‘शिलोत्तरी’ नावाची वेगळी पद्धत ठाणे जिल्ह्यात होती. तिसरा थर उंचवट्यावरच्या घरांचा: दाटीने लागलेल्या आळ्या, ओटी-पडवीची कौलारू घरे, गावदेवीचे मंदिर किंवा तिठ्यावरचा क्रूस. साष्टी-मुंबईतले असे कित्येक क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. डोंगराच्या बाजूला वारल्यांचे पाडे. लाकूडफाटा, मोहाची फुले, रानभाज्या आणि कोळसा तेथून खाली येई आणि मीठ-मासळी वर जाई.

ही घडी प्रथम विसकटली ती आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली. पुढल्या वर्षी ती कल्याणला पोचली. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारी लोहमार्गाची दुसरी वाट वसईची खाडी पुलाने ओलांडून मुंबईत शिरली. दोन्ही रेल्वेमार्गांनी घोडबंदरची पट्टी वगळली. जे बंदर शतकानुशतके वसई आणि साष्टी यांच्यातले दार होते, तेथे आता फक्त आसपासच्या गावांचे पडाव लागू लागले. ठाणे-घोडबंदर रस्ता एकोणिसाव्या शतकात होता खरा, पण तो डोंगरकडेच्या झाडीतून जाणारा जिल्ह्याचा आडरस्ता होता. रेल्वे न आल्यामुळेच ही गावे पुढची शंभर वर्षे शांत राहिली. त्या शांततेचे श्रेय कोणाच्या दूरदृष्टीला देण्याचे कारण नाही.

वर्तकनगरच्या बाजूला बदल लवकर आला. ठाणे शहराच्या पाण्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी पोखरणचा तलाव होता. त्याचेच नाव दोन रस्त्यांना मिळाले. १९२५ मध्ये लोकरीची गिरणी निघाली आणि पुढे ती सिंघानियांच्या हाती येऊन रेमंड म्हणून नावारूपाला आली. १९६२ नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत वागळे इस्टेट येथे उभी राहिली आणि कामगारांना घरे हवी झाली. वर्तकनगर त्या गरजेतून वाढले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका झाली आणि घोडबंदर रस्त्यावरची बरीच गावे तिच्या हद्दीत आली. नव्वदीनंतर कारखान्यांच्या आणि शेतांच्या जागी मोठी गृहसंकुले उठली. गावांनी तोंड फिरवले ते तेव्हा. रस्त्याकडेची जमीन सोन्याच्या भावाची झाली, आणि बंदर, खाजण, मिठागर ही गावाची मागची बाजू ठरली. खाडीचे काठ भरावाने आणि रेतीउपशाने झिजले.

तरी कासारवडवली, ओवळे, बाळकुम किंवा कोलशेत येथे मुख्य रस्ता सोडून आत वळले, की अरुंद आळ्या आणि गावदेवी अजून भेटते. घोडबंदरच्या टेकडीवर किल्ल्याचे बुरूज आणि भिंती उभ्या आहेत. नागला बंदराजवळ पोर्तुगीज बांधकामाचे अवशेष आहेत, आणि तेथला जंगलपट्टा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. किल्ला सरकारच्या संरक्षणात असतो, त्याची डागडुजी होते. गावठाणाला तसे संरक्षण नाही. ओटीचे घर पाडून तेथे चार मजले चढवायला कोणाला इतिहासाची परवानगी लागत नाही. फ्रायरने धन्याचे घर पाहिले आणि गाव पाहिले नाही. वारसा जपण्याचे आजचे धोरणही त्याच नजरेचे आहे.

दरम्यान वाहतूक पुन्हा पाण्याकडे पाहू लागली आहे. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. उल्हास नदी आणि वसईची खाडी त्यात येतात. डोंबिवली, काल्हेर, कोलशेत, भाईंदर आणि वसई येथे जेट्टी बांधण्याचे काम त्यात धरले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून वसई आणि भाईंदर यांच्यात गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली.